आकडा एकटा पाठवू नये

बार्शी तालुक्यातल्या एखाद्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला, तर १९८७ पूर्वी तिची कुठल्याच मोजणीत गणना होत नव्हती. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये सुरू झाली होती आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८२ मध्ये. पण लोकसंख्येवर आधारलेल्या त्या नोंदण्या शहरांच्या होत्या. शहरात पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळा असतात, रुग्णालयांचे केसपेपर असतात, मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरने लिहिलेले कारण असते. खेड्यात यातले फारसे काही हाताशी नव्हते. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली ती या अडचणीसकट. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणे समजावून सांगितली, गावातल्या जाणत्या माणसांशी आणि आरोग्यसेवकांशी बोलले, शंका आली त्या रुग्णाला तपासणीसाठी बार्शीला आणले. या फिरण्याचा एक परिणाम १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात दिसतो: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले होते.

या कामाबद्दल आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, ते डॉक्टरांच्या सेवाभावाबद्दल असते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र इथे त्या नोंदीच्या कागदाबद्दल बोलायचे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधल्या लिऑनला आहे. पाच खंडांतल्या कर्करोगांचे प्रमाण एकत्र मांडणारे जे ग्रंथ ती काढते, ते १९६६ पासून निघत आहेत. त्या तक्त्यांत अमेरिकेतली राज्ये आहेत, जपानमधले प्रांत आहेत, आणि ‘भारत: बार्शी, परंडा आणि भूम’ अशी एक ओळही आहे. बार्शीत लिहिलेली नोंद लिऑनमध्ये कुणालाही फोन न करता समजते, कारण ती लिहिताना तिच्यासोबत तिचा अर्थही ठरलेल्या पद्धतीने लिहिला गेला. कर्करोग शरीराच्या कोणत्या भागात आहे त्याचा क्रमांक, पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत त्याचा क्रमांक, निदान कशावरून झाले, सूक्ष्मदर्शकाखाली की नुसत्या तपासणीवरून, त्याचीही वेगळी खूण. ८०७०/३ असे लिहिले की जगातल्या कुठल्याही नोंदणीत त्याचा अर्थ एकच: स्क्वेमस पेशींचा आक्रमक कर्करोग. तिरक्या रेघेनंतरचा ३ काढून २ लिहिला, तर गाठ अजून आपल्या जागेवरच आहे. एका अंकाने उपचार बदलतो.

आणि हे क्रमांकही एकटे पुरत नाहीत. जुन्या वर्गीकरणात गर्भाशयमुखाचा क्रमांक १८० होता, नव्यात तो सी५३ झाला. कोणते वर्गीकरण वापरले हे कुठे लिहिलेले नसेल, तर दोन दशकांची माहिती जोडणाऱ्या संगणकाला हे दोन वेगळे आजार वाटतील, आणि एक आजार एका वर्षी संपून दुसरा सुरू झाल्याचा आलेख तो निमूटपणे काढून देईल.

माझे म्हणणे एवढेच आहे की संशोधनाची माहिती जमवणे आणि तिचे यंत्राला वाचता येईल असे वर्णन करणे ही दोन कामे नाहीत, एकच आहे. दुसरे सोडून दिले तर पहिलेही अर्धवट राहते. बार्शीने हे १९८७ मध्ये ओळखले. सोलापुरातल्या, किंबहुना महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत आणि विभागांत ते आजही ओळखलेले नाही.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझ्या घरी संशोधन करणारे विद्यार्थी तक्ते आणि आकडेमोड दाखवायला येतात. विडी कामगार बायकांवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीची एक्सेल फाइल माझ्या डोळ्यांसमोर आहे. शहराच्या पूर्व भागात घरोघरी जाऊन तिने ती माहिती जमवली होती, उन्हात, पायी. फाइलमध्ये एक रकाना होता: ‘मजुरी’. खाली आकडे. हे आकडे कशाचे? विडीची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. पण बाई दिवसाला हजार विड्या वळतेच असे नाही. आजारपण, पाहुणे, पोरांची परीक्षा, आणि कारखान्यातून मिळालेले पान चांगले की फाटके, यावर ते अवलंबून. मग हा आकडा हजारामागचा दर, की दिवसाची कमाई, की आठवड्याच्या हिशेबाला सातने भागून आलेला? शिवाय कारखान्यात विड्या जमा करताना काही बाद होतात, त्यांना छाट म्हणतात. मजुरी छाट वजा करून लिहिली की त्याआधीची? कमी पडलेले पान पदरचे पैसे घालून आणावे लागते, तो खर्च यातून गेला आहे का? विद्यार्थिनीला यातली बरीच उत्तरे माहीत होती. ती तिच्या डोक्यात होती, फाइलमध्ये नव्हती. पदवी मिळून ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली की ती उत्तरेही तिच्याबरोबर जाणार.

पुढचा रकाना मुलांच्या संख्येचा. त्यात काही ठिकाणी ९९. म्हणजे उत्तर मिळाले नाही. माणसाला हे कळते, नव्व्याण्णव मुले कुणाला नसतात. पण सरासरी काढणाऱ्या यंत्राला कोण सांगणार? घरातल्या माणसांच्या रकान्यात ‘५-६’ असे लिहिले होते, त्याचे एक्सेलने ५ जून करून टाकले होते. हा दोष जगभरचा आहे. माणसाच्या जनुकांपैकी काहींची नावे एक्सेल तारखांमध्ये बदलून टाकत असे आणि शोधनिबंधांच्या पुरवण्यांत तशीच चुकीची छापली जात. अखेर नामकरण ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलली.

सर्वांत मोलाची गोष्ट तर कुठल्याच रकान्यात नव्हती. मुलाखती तेलुगूत झाल्या होत्या. प्रश्नावली मराठीत छापलेली, प्रश्न तोंडी तेलुगूत विचारलेला, उत्तर मराठीत लिहिलेले आणि फाइलमध्ये इंग्रजीत भरलेले. ‘काम झेपते का’ या प्रश्नाचे उत्तर या प्रवासात काय काय गमावून बसले असेल, हे ती फाइल वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही, कारण असा प्रवास झाला हेच त्याला ठाऊक नाही.

यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. २०१६ मध्ये ‘सायंटिफिक डेटा’ या नियतकालिकात फेअर नावाने ओळखली जाणारी तत्त्वे मांडली गेली. संशोधनाचा डेटा सापडावा, मिळवता यावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा, आणि हे सगळे माणसाइतकेच यंत्रालाही जमावे, असा त्यांचा आग्रह. ती प्रत्यक्षात आणण्याचा एक साधा मार्ग म्हणजे २०१९ मध्ये आलेली आरओ-क्रेट ही पद्धत. तिच्यात नवा कार्यक्रम विकत घ्यावा लागत नाही. आपल्या फाइली ज्या फोल्डरमध्ये आहेत त्यातच ठरलेल्या नावाची एक मजकुराची फाइल ठेवायची. तिच्यात लिहायचे: या संचाचे नाव काय, तो कशाबद्दल आहे, कधी प्रसिद्ध केला, कोणत्या परवान्याने वापरता येईल. मग आत काय काय आहे ते एकेक करून: ही प्रश्नावली, हे मुलाखतींचे तक्ते, ही आकडेमोड या आज्ञावलीने केली, ती या व्यक्तीने लिहिली, हे गाव म्हणजे अमुक क्रमांकाचे गाव. प्रत्येक वस्तूला स्वतःची ओळख, आणि कोण कशातून निघाले याचे दुवे. यातली शब्दावली मुख्यतः स्कीमा डॉट ऑर्गची, म्हणजे शोधयंत्रे २०११ पासून वाचत आहेत तीच. तक्त्यांपुरती आणखी साधी पद्धत फ्रिक्शनलेस डेटाची. तिच्यात प्रत्येक रकान्याचे नाव, त्यात संख्या आहे की मजकूर की तारीख, आणि ‘उत्तर नाही’ यासाठी कोणती खूण वापरली, हे नोंदता येते. ९९ चा प्रश्न तिथे एका ओळीत सुटतो.

आपल्या प्रबंधांचे काय होते ते पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात द्यावे लागतात आणि ते शोधगंगेवर जातात. ही मोठीच गोष्ट झाली. पूर्वी जे विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडायचे ते आता कुणालाही घरबसल्या वाचता येते. पण शोधगंगेवर जातो तो प्रबंध, पीडीएफमध्ये. त्यातला तक्ता म्हणजे तक्त्याचे चित्र. लेखकाने जी बेरीज केली तीच तुमच्या हाती येते. तुम्हाला वेगळी विभागणी हवी असेल, समजा वयाऐवजी मातृभाषेनुसार, तर मूळ नोंदी हव्यात, आणि त्या असतात संशोधकाच्या जुन्या लॅपटॉपवर. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी सोलापूर शहराचा केलेला सामाजिक-आर्थिक अभ्यास १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्या काळी छापील तक्त्यापलीकडे काही देण्याची सोयच नव्हती. आज ती सोय आहे आणि तरी आपण छापील तक्त्यावरच थांबलो आहोत.

नावांचा घोळ हा यातला सर्वांत चिवट भाग. मी शुक्रवार पेठेत राहतो म्हटले की सोलापूरबाहेरचा माणूस पुणे समजतो. यंत्रही तेच समजेल, कारण पुण्याच्या शुक्रवार पेठेबद्दल त्याने शंभरपट अधिक वाचलेले असते. वडगाव, पिंपरी, पिंपळगाव ही नावे तर प्रत्येक जिल्ह्यात. जुन्या कागदांतले शोलापूर आणि आजचे सोलापूर एकच, हे यंत्राला कुणीतरी सांगावे लागते. भूम आणि परंडा ज्या जिल्ह्यात आहेत त्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्याच जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर, ५२ गावसमूहांत विभागून, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने बळावलेले कर्करोग आणि त्यामुळे होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे त्याचे सार. उद्याचा विद्यार्थी ‘धाराशिव’ लिहून शोधेल आणि आपल्याच जिल्ह्यात झालेले जगभर वाचले गेलेले काम त्याला सापडणार नाही, ही शक्यता खरी आहे. जनगणनेत प्रत्येक गावाला क्रमांक असतो. नावाशेजारी तो क्रमांक आणि जनगणनेचे वर्ष लिहिणे, यापेक्षा स्वस्त काम दुसरे नाही.

त्या प्रयोगाबद्दल आणखी एक सांगायला हवे. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला तपासणी दिलेली नव्हती आणि यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. उद्या कुणी ते आकडे दुसऱ्या कामासाठी घेतले, तर गट कसे पाडले, बायकांना काय सांगितले होते, संमती कशाची घेतली होती, हे त्याला आकड्यांबरोबरच कळले पाहिजे. संमतीच्या अटी वर्णनातच नोंदलेल्या असतील, तर त्या मोडणाऱ्याला माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही.

इथेच पहिला गंभीर आक्षेप येतो, आणि तो मी कधीच हलक्यात घेणार नाही. कर्करोगाच्या नोंदी लोकांसमोर ठेवायच्या? तीनशे उंबऱ्यांच्या गावात, बेचाळीस वर्षांची, अमुक साली निदान झालेली बाई म्हटली की नाव लिहायची गरजच उरत नाही, सारे गाव ओळखते. विडी कामगार बाईने मालकाबद्दल जे सांगितले ते उघड झाले तर तिचे काम जाऊ शकते. अशी माहिती उघडी करू नयेच. पण फेअर तत्त्वांमध्ये उघडेपणाची अट नाही. मिळवता यावा याचा अर्थ कोणत्या अटींवर, कुणाला विचारून, कशासाठी मिळेल हे स्पष्ट असावे. नोंदी कुलपात राहू द्या. त्यांचे वर्णन बाहेर असू द्या: अशी माहिती आहे, या गावांची आहे, या वर्षांची आहे, हे रकाने आहेत, ही समिती परवानगी देते. आज अनेकदा उलट घडते. वर्णन कुठेच नसते आणि नावांसकट फाइल व्हॉट्सॲपवरून फिरत असते.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. माहिती आमची, आणि पेपर दुसऱ्यांचे. उन्हातान्हात फिरणारा विद्यार्थी इथला, सांगणारी बाई इथली, आणि नाव होते कुठल्या तरी दूरच्या विद्यापीठाचे. या रागाला इतिहासाचा आधार आहे. मात्र वर्णन नाकारून त्यावर उपाय होत नाही. ज्या फाइलला जमवणाऱ्याचे नाव चिकटलेले नाही, तीच सहज उचलता येते. संशोधकाची ओळख सांगणारा ऑर्किड क्रमांक २०१२ पासून कुणालाही विनामूल्य मिळतो. डेटासंचाला लेखासारखाच स्वतंत्र डीओआय क्रमांक देता येतो, त्यासाठीची डेटासाइट ही संघटना २००९ पासून काम करते. आरओ-क्रेटमध्ये मुलाखत घेणारा, भाषांतर करणारा, आकडे भरणारा, प्रत्येकाचे नाव त्याच्या कामासह लिहिता येते. आपल्याकडच्या शोधनिबंधांत क्षेत्रीय कार्यकर्त्यांचे आभार शेवटी एका ओळीत मानले जातात. बार्शीच्या गावांत पायपीट करणाऱ्यांचे नाव नोंदीच्या वर्णनात कायमचे राहणे, हा मला न्यायाचा प्रश्न वाटतो.

तिसरा आक्षेप कामाच्या ओझ्याचा. प्राध्यापकाला तास, परीक्षा, नॅक मूल्यांकनाचे कागद, त्यात हे कुठे? हे खरे आहे, आणि ‘थोडे जास्त करा’ असे सांगून ते सुटणार नाही. ज्या कामाला गुण नाहीत, बढतीत मोल नाही, ते काम कुणी करणार नाही. म्हणून नीट वर्णन केलेला डेटासंच हा शोधनिबंधाच्या बरोबरीने धरला गेला पाहिजे. एरवी दुय्यम नियतकालिकात पैसे भरून छापलेल्या लेखाला गुण मिळतात आणि दहा वर्षे पुन्हा वापरता येईल अशा तक्त्याला काहीच मिळत नाही. ही व्यवस्था संशोधन मारते, आणि ती बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांनी ओझ्याचे कारण पुढे करू नये.

हल्ली एक नवे उत्तर ऐकू येते: कृत्रिम बुद्धिमत्ता आता सगळे ओळखेल, मग वर्णन कशाला? ती रकान्याचे शीर्षक पाहून अंदाज बांधेल, बऱ्याचदा बरोबरही बांधेल. पण मजुरीचा आकडा छाट वजा करून लिहिला आहे की नाही, हे त्या फाइलमध्ये नाही आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही. ते फक्त विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्या बाईला माहीत आहे. जे कुठेच लिहिलेले नाही ते कुठलेही यंत्र वाचू शकत नाही. ते आत्मविश्वासाने काहीतरी लिहून मोकळे होईल, आणि तेच पुढे खरे म्हणून चालेल.

वर्णनाचे मोल उशिरा कळते, हीच यातली अडचण. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ मध्ये सुरू झाले. पाठोपाठ विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक इथे तशीच केंद्रे निघाली. त्या कामावर आधारलेला कानिटकरांचा ग्रंथ १९४४ चा. त्या वेळी प्रश्न होता कमी पावसात पीक कसे वाचवावे. आज हवामान बदलत असताना त्याच जमिनींवरच्या जुन्या नोंदी सोन्याच्या मोलाच्या आहेत, आणि हा उपयोग तेव्हाच्या कुणाच्याही मनात असणे शक्य नव्हते. पण वापरायच्या तर वावर कोणते, मातीची खोली किती, पेरणी कोणत्या नक्षत्रात नव्हे तर कोणत्या तारखेला, वाण कोणता, हे सगळे नोंदीला चिकटलेले हवे. मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा रब्बी ज्वारीचा वाण आजही नव्या वाणांची तुलना करायला वापरतात. एका तक्त्यात त्याचे नाव ‘एम३५-१’, दुसऱ्यात ‘मालदांडी’, तिसऱ्यात ‘मालदांडी ३५-१’, चौथ्यात नुसते ‘स्थानिक’. शेतकरी हसेल, त्याला ज्वारी कणसावरून कळते. यंत्राला हे चार वाण आहेत. उत्पन्न एकरी क्विंटल की हेक्टरी किलो, आणि सोबत कडब्याचे वजन धरले की नाही, हे प्रश्न वेगळेच. आपल्याकडे रब्बी ज्वारी दाण्याइतकीच कडब्यासाठी पेरतात. कडब्याचा रकाना नसलेला तक्ता इथल्या शेतीचे अर्धेच चित्र दाखवतो, आणि बाहेरून ठरवलेल्या नमुन्यात तो रकाना नसतो.

म्हणून ही शब्दावली इथे बसून इथल्या माणसांनी ठरवायला हवी. छाट, कडबा, हजारी मजुरी, गुंठा, पाळी, यांचे ठरलेले अर्थ आणि एकके मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये एकत्र लिहून त्यांना कायमचे क्रमांक दिले, तर ते सोलापूरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वापरता येतील. आंतरराष्ट्रीय पद्धतींमध्ये स्वतःचे शब्द जोडायला जागा ठेवलेली असते. आपण ती भरत नाही, आणि मग ‘इतर’ या रकान्यात आपले सगळे जगणे जाते. एक तांत्रिक अट मात्र पाळावी लागेल: मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फाँटमध्ये भरलेले कितीतरी मराठी तक्ते आज उघडले तर चिन्हांचा खच दिसतो.

हे काम प्रबंध संपल्यावर करायचे ठरवले तर कधीच होणार नाही. आराखडा मंजूर करतानाच मार्गदर्शकाने प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, ‘उत्तर नाही’ची खूण, मुलाखतीची भाषा आणि संमतीच्या अटी लिहून मागाव्यात, आणि त्या कागदाशिवाय विद्यार्थ्याला गावात पाठवू नये. यंदा ज्यांचे आराखडे समितीपुढे येत आहेत, त्यांच्यापासून हे सुरू होऊ शकते. जुन्या प्रबंधांचे काम वेगळे आहे आणि अधिक घाईचे. त्यांच्या मागच्या फाइली ज्यांच्याकडे आहेत आणि रकान्यांचे अर्थ ज्यांना आठवतात, ते प्राध्यापक एकेक करून निवृत्त होत आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्यांना आत्ताच गाठायला हवे, त्यांच्यासमोर फाइल उघडून बसायला हवे, आणि ‘हा आकडा कशाचा?’ हे एकेका रकान्यासाठी विचारून लिहून घ्यायला हवे.